ग्रीकवांचून ग्रीक विद्या

एखाद्या गायनशाळेनें उद्यां असा ठराव केला कीं, यापुढें आमची पदवी घेणाऱ्यास गातां आलेंच पाहिजे असें नाहीं. घराण्यांचा इतिहास, थोर गवयांचीं चरित्रें आणि रागांविषयीं इतरांनीं लिहिलेले चार शब्द त्यास ठाऊक असले म्हणजे पुरे. तर त्या ठरावाचें स्वागत लोक कसें करतील हें सांगावयास नको. परंतु असाच ठराव एखाद्या जगद्विख्यात विद्यापीठानें प्राचीन वाङ्मयाच्या बाबतींत केला, म्हणजे मात्र त्यास औदार्य, पुरोगामित्व, काळाची ओळख अशीं सुंदर नांवें मिळतात. अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रीक-रोमन विद्येच्या विभागानें २०२१ सालीं नेमकें हेंच केलें. त्या विभागाची पदवी घेणाऱ्यास ग्रीक किंवा लॅटिन यांपैकीं निदान एक भाषा शिकावी लागे. ती सक्ति त्या सालीं उठली. भाषांचे वर्ग बंद केलेले नाहींत, ज्यास हवें त्यानें अवश्य शिकावें, असें विभागाचें म्हणणें आहे, व तें येथें नमूद करणें न्यायाचें होय.

त्याच सालीं वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठानें आपला ग्रीक-रोमन विद्येचा विभाग मोडून टाकण्याचें जाहीर केलें. हें विद्यापीठ गुलामगिरीच्या अंतानंतर १८६७ सालीं निघालें, आणि कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचें तें आद्यपीठांपैकीं एक समजलें जातें. २०२५ च्या जानेवारींत वेल्समधील कार्डिफ विद्यापीठानें प्राचीन इतिहासाचा अभ्यासक्रम बंद करण्याची योजना पुढें मांडली. आणि पुढच्याच महिन्यांत इंग्लंडच्या सरकारनें सरकारी शाळांतील लॅटिनसाठीं चालविलेली मदत शालेय वर्षाच्या मध्येंच थांबविली. या चारही घटनांचीं कारणें एक नाहींत. कोठें पैशाची टंचाई, कोठें विद्यार्थ्यांची, कोठें सरकार बदललें, आणि प्रिन्स्टनसारख्या ठिकाणीं तर न्यायबुद्धीचा उमाळा. पहिल्या तीन कारणांशीं वाद घालतां येतो, आणि त्यांत हार झाली तरी मन कडू होत नाहीं. चौथें कारण मात्र आम्हांस सर्वांत घातक वाटतें, कारण तें सर्वांत गोड आहे. आणि या लेखाचा रोंख मुख्यत्वें त्याच्याकडे आहे.

वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं, साहेबाची आजी आजारी पडली म्हणून आपण कां रात्र जागवावी? प्रश्न रास्त आहे, व त्यांतील खोंचही आम्हांस समजते. या दोन भाषांशीं आमचें वैर असावयास कारण नाहीं असें नाहीं. हिंदुस्थानच्या मुलकी नोकरीसाठीं चढाओढीची परीक्षा सुरू करावयाची ठरली, तेव्हां मेकॉलेच्या समितीनें १८५४ सालीं तिच्या गुणांची वांटणी केली. ग्रीकला ७५० गुण, लॅटिनला ७५० गुण. आणि संस्कृताला ३७५ व अरबीला ३७५! ज्या देशावर राज्य करावयाचें त्या देशाच्या विद्येचा भाव बरोबर निम्मा. होमर पाठ केलेला इंग्रज तरुण सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्याचा कारभार हांकण्यास लायक, आणि कालिदास पाठ केलेला अर्धाच लायक, हा त्याचा सरळ अर्थ होय. ग्रीक आणि लॅटिन हीं साम्राज्याच्या हातांतलीं छडी होती, असें जे लोक म्हणतात ते खोटें बोलत नाहींत.

असें असतांही आम्ही या भाषांचा कैवार घेतों, तो मेकॉलेनें ज्यासाठीं घेतला त्यासाठीं नव्हे. ज्यास या विद्येचा वारसा नाहीं त्या माणसाचा तिच्यावर हक्क आहे कीं नाहीं, हाच आजच्या वादांतला खरा मुद्दा आहे. ज्यांच्या बापजाद्यांनीं होमर पाहिलाही नाहीं असे आमच्यासारखे लोक या मुद्यावर बोलावयास अनधिकारी तर नाहींतच. कदाचित् अधिक अधिकारी असतील.

प्रथम आमच्याच पक्षाच्या कांहीं वकिलांस रजा देणें भाग आहे. लॅटिन शिकल्यानें बुद्धीला धार येते, असें एक वकील सांगतात. धार बुद्धिबळानेंही येते आणि बीजगणितानेंही येते. लॅटिनमुळें इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्ती कळून शब्दसंग्रह वाढतो, असें दुसरे सांगतात. ज्यास इंग्रजी शब्द हवे आहेत त्यानें इंग्रजी पुस्तकें वाचावींत. मुंबईहून ठाण्यास जाण्यासाठीं कोणी रोमवरून वळसा घेत नाहीं. तिसरे म्हणतात, वैद्यास व कायदेपंडितास लॅटिन लागतें. त्यांस जेवढें लागतें तेवढें दोन संध्याकाळींत पाठ होतें. जुन्या इंग्रजी शाळांतून मुलांकडून लॅटिन वृत्तांत कविता जुळवून घेत आणि चुकल्यास छडी मारीत. त्या छडीच्या आठवणीनें ज्यांचे डोळे भरून येतात त्यांच्याशींही आमचें कांहीं देणेंघेणें नाहीं. केंब्रिजनें १९१९ सालीं व ऑक्सफर्डनें १९२० सालीं सरसकट सर्व विद्यार्थ्यांवरील ग्रीकची सक्ति काढून टाकली, तें योग्यच झालें. रसायनशास्त्र शिकूं इच्छिणाऱ्याच्या वाटेंत ग्रीक व्याकरणाचा धोंडा ठेवण्यांत कोणतेंच पुण्य नव्हतें. परंतु रसायनशास्त्र्यावरील ग्रीकची सक्ति काढणें निराळें, आणि ग्रीक विद्येच्या पदवीधरावरील काढणें निराळें.

ह्या भाषा शिकण्याचें कारण एकच आहे, व तें इतकें साधें आहे कीं तें सांगावयास त्यांच्या कैवाऱ्यांसच संकोच वाटतो. त्या भाषांत जें लिहिलें आहे तें वाचावयाचें आहे, हें तें कारण.

‘भाषांतरें आहेत ना!’ हें यावरचें ठरलेलें उत्तर. भाषांतरांचे आम्ही ऋणी आहों, व ज्या भाषेच्या प्रारंभींच ज्ञानेश्वरी उभी आहे तिनें मुळींच भाषांतरास किंवा टीकेस तुच्छ लेखूं नये. परंतु गीतेचा अर्थ मराठींत आणणाऱ्यास संस्कृत येत होतें, ही लहानशी गोष्ट विसरून चालणार नाहीं. भाषांतर हें मूळ वाचणाऱ्यानें न वाचणाऱ्यास दिलेलें दान आहे; वाचणारे संपले म्हणजे दानही संपतें, आणि हातीं राहतें तें कालच्या पिढीनें आपल्या समजुतीप्रमाणें शिजवून ठेवलेलें अन्न.

आमच्या इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गांतील रोजचेंच उदाहरण घेऊं. अरिस्टॉटलनें आपल्या काव्यशास्त्राच्या तेराव्या प्रकरणांत शोकनाट्याच्या नायकाचा ऱ्हास कशामुळें व्हावा हें सांगतांना ‘हामार्तिआ’ असा शब्द योजिला आहे. इंग्रजी टीकेच्या परंपरेंत या शब्दाचा ‘नायकाच्या स्वभावांतील दोष’ असा अर्थ रूढ झाला, आणि तोच मराठी वर्गांतही येऊन बसला. गेलीं पंचवीस-तीस वर्षें आम्ही ज्या उत्तरपत्रिका तपाशीत आहों त्यांत हॅम्लेटचा दोष दीर्घसूत्रीपणा, ऑथेल्लोचा संशय, मॅक्बेथचा महत्त्वाकांक्षा, अशी एकेका नायकास एकेका व्याधीची चिठ्ठी चिकटविलेली आढळते. आतां हामार्तिआ ज्या धातूपासून आला आहे त्याचा होमरमधील साधा अर्थ फेंकलेल्या भाल्याचा नेम चुकणें, एवढाच आहे. अरिस्टॉटल त्याच वाक्यांत बजावतो कीं, हा ऱ्हास दुष्टपणामुळें किंवा दुर्गुणामुळें होत नसतो. त्याच्यासमोर जो ईडिपस आहे त्यानें वाटेंत एका वृद्धास मारलें. तो आपला बाप आहे हें त्यास ठाऊक नव्हतें. नेम चुकला. यांत स्वभावदोष कोठें आला? ‘दोष’ म्हटल्याबरोबर शोकनाट्य ही पापाच्या शिक्षेची बोधकथा होते. ‘नेम चुकणें’ म्हटल्याबरोबर निरपराध मनुष्यावर कोसळणाऱ्या आपत्तीचें भय पुनः उभें राहतें. सबंध नाट्यविचार या एका शब्दावर फिरतो. आणि तो कोणत्या बाजूस फिरवावा हें ज्यास ग्रीक येत नाहीं त्यानें कशावरून ठरवावें? दुसऱ्या भाषांतरावरून? मग तें खरें कीं पहिलें खरें, हें कोण सांगणार?

दुसरें उदाहरण अधिक बोचणारें आहे, आणि तें आम्ही मुद्दाम प्रतिपक्षासाठींच राखून ठेवलें आहे. ओडिसीच्या बाविसाव्या सर्गांत ओडिसियस आपल्या घरांत ठाण मांडून बसलेल्या मागणीदारांची कत्तल करतो, आणि त्यानंतर त्याचा मुलगा घरांतील बारा स्त्रियांस फांसावर लटकावितो. त्या कोण? इंग्रजी भाषांतरांत त्या बहुधा ‘मोलकरणी’ असतात. मूळांत त्या गुलाम आहेत. धन्याच्या घरांत शिरलेल्या पुरुषांस ‘नाहीं’ म्हणण्याची त्यांची प्राज्ञा काय होती, हा विचार मोलकरीण म्हटल्यानें वाचकाच्या मनास शिवतच नाहीं. इतकेंच नव्हे, तर फांशीपूर्वीं तो मुलगा जें बोलतो त्यांत कित्येक आधुनिक भाषांतरकारांनीं त्या स्त्रियांस वेश्यावाचक शिव्या घातल्या आहेत. मूळांत तेथें शिवी नाहीं, ‘ज्या’ या अर्थाचें केवळ एक स्त्रीलिंगी सर्वनाम आहे. २०१७ सालीं एमिली विल्सन यांचें ओडिसीचें भाषांतर निघालें. स्त्रीनें केलेलें तें इंग्रजींतलें पहिलें प्रसिद्ध संपूर्ण भाषांतर. त्यांनीं हें सर्व उघडें केलें. या भाषा शोषकांच्या आहेत म्हणून सोडून द्या, असें म्हणणाऱ्यांनीं येथें क्षणभर थांबावें. त्या बारा जणींस शिवी होमरनें दिली नव्हती. ती आपल्या जवळच्या काळांतल्या सभ्य गृहस्थांनीं दिली, आणि ती पुसून काढण्याचें सामर्थ्य फक्त ग्रीक जाणणाऱ्या बाईच्या हातीं होतें. तिला ग्रीकवांचून ग्रीक विद्येची पदवी दिली असती तर त्या शिव्या अद्याप तशाच वाचल्या गेल्या असत्या, आणि त्यांवर होमरच्या स्त्रीद्वेषाविषयीं प्रबंधही लिहिले गेले असते.

आतां त्या गोड कारणाकडे वळूं. म्हणणें असें कीं, लॅटिन आणि ग्रीक शाळेंत शिकावयास मिळते ती श्रीमंतांच्या मुलांस. गरिबांचीं व कृष्णवर्णीयांचीं मुलें त्यावांचूनच विद्यापीठांत येतात. तेव्हां भाषेची अट म्हणजे त्यांच्या तोंडावर लावलेलें दार होय. यांतील वस्तुस्थिति अगदीं खरी आहे. २०२१ सालीं इंग्लंडच्या शिक्षणखात्यानेंच सांगितलें कीं, सरकारी शाळांपैकीं शेंकडा तीनांहूनही कमी शाळांत लॅटिन शिकवितात, आणि खाजगी शाळांपैकीं शेंकडा ४९ शाळांत. वर उल्लेखिलेली ती मदत याच विषमतेवर उपाय म्हणून निघाली होती: चाळीस लक्ष पौंड आणि चाळीस सरकारी शाळा. ती बंद करणारे सरकार मजूर पक्षाचें, ही या कथेंतली एक कडवट गंमत.

रोग खरा आहे. औषध मात्र पाहा. अट काढल्यानें खाजगी शाळेंतला मुलगा लॅटिन विसरत नाहीं. तो तें घेऊनच येतो, विद्यापीठांत ग्रीकही जोडतो, मूळ ग्रंथ वाचतो, हस्तलिखितांपर्यंत पोंचतो, आणि उद्यां प्राध्यापकाच्या खुर्चीवर तोच बसतो. दुसरा मुलगा त्याच विभागांत, त्याच नांवाची पदवी घेतो, पण भाषांतरांवर. आणि पुढें संशोधनाच्या दाराशीं गेला म्हणजे त्यास कळतें कीं आपल्याजवळ किल्ली नाहीं. आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. पूर्वी निदान बाहेरच्या पंगतीस आपण बाहेर बसलों आहों हें ठाऊक तरी असे. या नव्या व्यवस्थेंत पान एकच मांडलेलें दिसतें, वाढणाऱ्याचा चेहराही प्रसन्न असतो. फक्त तूप एका बाजूसच वाढलें जातें. ज्यास वाढलें नाहीं त्यास वरून सांगावयाचें कीं, तुझ्या प्रकृतीचा विचार करूनच तुला तें दिलें नाहीं!

ज्यांच्या नांवानें ही दया चालली आहे त्यांच्या पूर्वजांनीं ती मागितली होती काय? दक्षिणेकडील गुलामगिरीचा कट्टर पुरस्कर्ता जॉन कॅल्हून यानें, ग्रीक वाक्यरचना जाणणारा एक कृष्णवर्णीय मला दाखवा म्हणजे तो मनुष्य आहे असें मी मानीन, अशा आशयाचे उद्गार काढल्याचें अलेक्झांडर क्रमेल यांनीं सांगून ठेविलें आहे. क्रमेल स्वतः कृष्णवर्णीय होते. ते केंब्रिजला गेले, आणि १८५३ सालीं तेथले पदवीधर झाले. जॉर्जियांत १८५२ सालीं गुलाम म्हणून जन्मास आलेल्या विल्यम सँडर्स स्कारबरो यांनीं लपूनछपून अक्षरें गिरविलीं. १८८१ सालीं त्यांचें ग्रीकच्या प्राथमिक धड्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. ग्रीक वाचणाऱ्याचें नव्हे, ग्रीक शिकविणाऱ्याचें पुस्तक! ॲना जूलिया कूपर, ह्याही जन्मानें गुलाम, वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेंत लॅटिन शिकवीत आणि त्या मुलांस केवळ हस्तव्यवसाय पुरे, या मताशीं झगडत. हॉवर्डमधून १९५३ सालीं बाहेर पडलेल्या टोनी मॉरिसन यांचा दुय्यम विषय ग्रीक-रोमन विद्या हाच होता. या मालिकेंतील कोणीही दार अरुंद आहे म्हणून घरच पाडा असें म्हटलें नाहीं.

स्त्रियांची गोष्ट याहून निराळी नाहीं. १८८७ सालीं केंब्रिजच्या ग्रीक-लॅटिनच्या परीक्षेंत अग्नाटा रॅम्झे या विद्यार्थिनीनें पहिल्या वर्गाच्या वरच्या श्रेणींत स्थान मिळविलें, आणि त्या श्रेणींत त्या वर्षीं दुसरें कोणीच नव्हतें. विद्यापीठानें तिला पदवी दिली नाहीं. स्त्रियांस तेथें पूर्ण पदव्या मिळूं लागल्या त्या १९४८ सालीं. तिच्यासाठीं सोपी, बायकी, भाषांतरांवरची एक परीक्षा काढतां आली असती. तसें काढणारे हितचिंतक त्या काळींही कमी नसतील.

येथें आमच्या घरची एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस शाळेंत संस्कृत घेऊं दिलें नाहीं. त्यांस पर्शियन घ्यावी लागली. पुढें त्यांनीं स्वतःच्या हिमतीवर संस्कृताचा अभ्यास केला. प्रतिपक्षी म्हणेल कीं, ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या आपल्या १९४६ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यांनींच सांगितलें आहे कीं, संस्कृतावर प्रभुत्व नसलें तरी इंग्रजी भाषांतरांचा वर्षानुवर्षें अभ्यास केलेल्यास या विषयावर लिहिण्याचा अधिकार पोंचतो. खरें आहे, आणि तो अधिकार त्यांनीं सिद्धही केला. परंतु तें उत्तर कोणी कोणास दिलें होतें? ज्याच्या तोंडावर दार लावलें त्यानें तें दार लावणाऱ्यांस दिलेलें तें उत्तर होतें. तेंच वाक्य किल्ली कमरेस लावून बसलेल्या विद्यापीठाच्या तोंडीं घातलें कीं त्याचा अर्थ उलटा होतो. ‘मला तुमची किल्ली नको’ असें बाहेरचा म्हणतो तेव्हां तो मानी असतो. ‘तुला किल्ली कशाला हवी?’ असें आंतला म्हणतो तेव्हां तो कोण असतो, हें महाराष्ट्रांत तरी विस्तारानें सांगावयास नको.

पैशाच्या आणि डोकीं मोजण्याच्या युक्तिवादावर फार शाई खर्च करण्याचें आमच्या मनांत नाहीं. ग्रीकच्या वर्गास यंत्रें लागत नाहींत, रसायनें लागत नाहींत. एक खोली, एक व्याकरण, एक कोश आणि एक शिक्षक एवढ्यावर तो चालतो. बंद केल्यानें जी बचत होते ती विद्यापीठाच्या जाहिरातीच्या खर्चापुढें किती, हें ज्यानें त्यानें आपापल्या ठिकाणीं पाहावें. मात्र एक आक्षेप नवा आहे, व त्याचा विचार केला पाहिजे. तो असा कीं, आतां भाषांतर यंत्रच करतें. मग माणसानें ग्रीक शिकावें कशाला?

इ. स. ७९ सालीं व्हेसूव्हियसच्या उद्रेकांत गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम येथें अठराव्या शतकाच्या मध्यास पपायरसच्या शेंकडों गुंडाळ्या सांपडल्या. त्यांचा कोळसा झालेला. उलगडूं गेल्यास चुरा होई. २०२३ सालीं क्ष-किरण आणि यंत्रबुद्धि यांच्या साहाय्यानें एका बंद गुंडाळींतील पहिला शब्द प्रकाशांत आला. तो जांभळ्या रंगाचा वाचक ग्रीक शब्द होता. २०२४ च्या आरंभापर्यंत दोन हजारांवर अक्षरें वाचतां आलीं. हा यंत्राचा पराक्रम थोर आहे, व त्यास नमस्कार असो. पण यंत्रानें दाखविली ती शाई. तीं अक्षरें एकमेकांस चिकटून लिहिलेलीं, दोन शब्दांत जागा नाहीं, ओळी मध्येंच तुटलेल्या. शब्द कोठें संपला आणि तुटलेल्या जागीं काय असावें, हें ग्रीक जाणणारीं माणसेंच ठरवीत बसलीं आहेत. ईजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथें ग्रेनफेल आणि हंट यांनीं १८९६ पासून जे पपायरसचे तुकडे उकरून काढले ते पांच लाखांच्या घरांत आहेत. त्यांचे ऐंशींवर खंड छापून झाले तरी बहुतेक तुकडे अद्याप पेट्यांतच आहेत. यंत्र शिकतें तें माणसांनीं वाचून, तपासून, छापून ठेवलेल्या ग्रीकवरून. जें अद्याप कोणी वाचलेलेंच नाहीं तेथें तें अंदाज करील. तो अंदाज बरोबर कीं चूक, हें विचारावयास आपण कोणाकडे जाणार? दुसऱ्या यंत्राकडे?

आणि हें सारें दूरदेशींचें आहे अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं आपल्याच प्रांताचा इतिहास उघडावा. इ. स. च्या पहिल्या शतकांत ईजिप्तमध्यें राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचें वर्णन लिहून ठेवलें. त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. त्यांत भडोच आहे, सोपारा आहे, कल्याण आहे; भडोचेहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचें तेर, आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांतून भडोचेस जाई, हेंही आहे. हें पुस्तक दहाव्या शतकांतल्या एका हस्तलिखितांत वांचलें, तें जर्मनींत हायडेलबर्ग येथें आहे. दुसरी प्रत त्याचीच उत्तरकालीन नक्कल. आतां गंमत अशी कीं, भडोचेकडील राजाचें जें नांव त्यांत आहे तें निरनिराळ्या संपादकांनीं व भाषांतरकारांनीं माम्बरस, नाम्बानस, मान्बानोस असें निरनिराळें दिलें आहे. हा राजा म्हणजे नहपान, हें बहुतेक विद्वान् आज मानतात. ज्याच्या जांवयाचे लेख नाशिकच्या लेण्यांत आहेत आणि ज्याचीं नाणीं गौतमीपुत्र सातकर्णीनें आपल्या छापानें पुनः ठोकलीं, तोच हा. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें सांपडलेल्या तेरा हजारांवर नाण्यांच्या ठेव्यांत तीं पाहावयास मिळतात. नहपानाचा काळ कोणता, म्हणजेच सातवाहनांचा काळ कोणता, या वादांत त्या ग्रीक हस्तलिखितांतील एका नांवाचीं दोन-तीन अक्षरें साक्षीदार म्हणून उभीं आहेत. त्या साक्षीदाराची उलटतपासणी मराठी इतिहासकारानें कोणत्या भाषेंत करावी? इंग्रजी भाषांतरांत तर प्रत्येकाचा साक्षीदार निराळें बोलतो.

मराठीस २०२४ च्या ऑक्टोबरांत अभिजात भाषा म्हणून मान्यता मिळाली, तेव्हां आमच्याकडे पेढे वांटले गेले, व तें ठीकच झालें. त्या मान्यतेच्या पुराव्यांत ज्या महाराष्ट्री प्राकृताचा उल्लेख होतो तें प्राकृत मूळांतून वाचणारे आमच्या महाविद्यालयांत किती, हा प्रश्न मात्र त्या पेढ्यांबरोबर कोणी वांटला नाहीं. प्रिन्स्टनचें उदाहरण येथें पोंचावयास फार वर्षें लागतील असें आम्हांस वाटत नाहीं. चांगल्या उदाहरणांस समुद्र ओलांडावयास जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्यानें वाईट उदाहरणें येऊन थडकतात.

तर करावें काय? नवें कांहीं शोधून काढावयास नको. केंब्रिजमध्यें ज्यांस शाळेंत लॅटिन मिळालें नाहीं अशांसाठीं तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाऐवजीं चार वर्षांचा आहे. पहिलें वर्ष भाषेसाठीं. ऑक्सफर्डमध्येंही एकही प्राचीन भाषा न येणाऱ्यास त्या विभागांत प्रवेश मिळतो, आणि त्यास भाषा तेथेंच शिकवितात. अट काढलेली नाहीं. ती पुरी करण्याची जबाबदारी विद्यार्थ्याच्या बापावरून उचलून विद्यापीठावर टाकली आहे. फरक एवढाच, पण सारा फरक तोच. आमचें प्रिन्स्टनकरांस म्हणणें आहे कीं, तुमच्याजवळ तीस अब्ज डॉलरांहून अधिक गंगाजळी आहे. ज्या मुलानें शाळेंत ग्रीक अक्षर पाहिलें नाहीं त्यास एक वर्ष अधिक ठेवा. त्या वर्षाचें शुल्क, राहणें आणि जेवण तुम्ही सोसा. उन्हाळ्यांत त्यास घरीं जाऊन मजुरी करावी लागत असेल तर तेवढी रक्कम त्याच्या हातावर ठेवून त्यास व्याकरणास बसवा. हें करून पाहिल्यावर, आणि दहा वर्षें करून पाहिल्यावरही, तीं मुलें भाषेकडे फिरकलीं नाहींत, तर मग सक्ति उठविण्याविषयीं बोलूं.